कासव उठेपर्यंत

आमच्या जागृतीचं लग्न एका शब्दावर अडलं होतं. तो शब्द म्हणजे "बघू."

शब्द विनयरावांचा. विनयराव म्हणजे शंतनूचे वडील, आणि शंतनू म्हणजे जागृतीने पसंत केलेला मुलगा. तो तिकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला कॉम्प्युटरच्या कंपनीत, जागृती आमची फ्रीमाँटला, तीही कॉम्प्युटरमध्येच. ओळख कुठे झाली ते मी विचारलं नाही. पोट्टी सांगताना लाजली, तेवढं मला पुरलं. आम्ही नागपूरचे बौद्ध, ते पुण्याचे, वरच्या जातीचे. सांगून टाकलं, आता पुढे चला.

शंतनूची आई मीनाक्षीताई पहिल्या दिवसापासून राजी. आमची सुजाता राजी. मी तर राजीच, कारण पोरगा भांडी घासतो आणि घासून झाली की ओटाही पुसतो. राहिले विनयराव. ते नाही म्हणत नव्हते. नाही म्हटलं असतं तर माणूस भांडला तरी असता. ते आपले म्हणायचे, "बघू." वर्ष होत आलं, माणूस बघूनच राहिला होता.

जागृतीने मला साफ सांगितलं होतं, "पप्पा, कोर्टात जाऊन सही करायला आम्हाला कोणी अडवत नाही. पण ज्या टेबलावर सासरे खाली मान घालून जेवतात, त्या टेबलावर मला बसायचं नाही. ते स्वतःहून हो म्हणतील तेव्हाच." बोलायला एकदम कडक. पण शंतनूचा फोन ठेवला की बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. आंघोळीच्या नळाचा आवाज वेगळा असतो आणि रडणाऱ्या पोरीच्या नळाचा वेगळा. बापाला कळतो.

मग पोरांनी डोकं लढवलं. दोन्हीकडचे आईबाप अमेरिकेत आलेच आहेत, तर सगळ्यांना एका जहाजात घालू. जहाजातून पळून कुठे जातील? होनोलुलूपर्यंत विमान, आणि तिथून हवाईच्या बेटांना वळसा घालणारं हे मोठं जहाज. आमच्या इंदोऱ्याची अख्खी गल्ली, दुकानांसकट, त्यात मावली असती.

माझा इंदोऱ्याला पानठेला होता. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण ठेल्यावर. निघायच्या आधीच मी सुजाताला बजावलं, "पोरीचा बाप आहे म्हणून विनयरावांपुढे हात जोडणार नाही."

"तुम्हाला जोडायला सांगितलंय कोणी?" ती म्हणाली. "तोंड तेवढं आवरा म्हणजे झालं."

हिलो गावाला जहाज लागायचं होतं त्याच्या आदल्या रात्री समुद्र खवळला. सकाळी दोन्ही बायका आडव्या. सुजाता भिंतीकडे तोंड करून, मीनाक्षीताई छताकडे बघत. जागृती लिंबाचं सरबत घेऊन या खोलीतून त्या खोलीत. शंतनूचं ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं, तो लॅपटॉपसमोर. ठरलं होतं की गाडी भाड्याने घेऊन सगळ्यांनी ज्वालामुखी बघायला जायचं. ते गेलं बोंबलत.

नाश्त्याला गेलो तर विनयराव एकटेच बसलेले. बूट घालून, नाड्या बांधून, टोपी चढवून तयार. समोर प्लास्टिकची फाइल. बँकेतून साहेब म्हणून रिटायर झालेला माणूस, ज्वालामुखीचे महिनाभर कागद काढले होते त्यांनी. तोंड असं, की जत्रेला निघालेल्या पोराला कोणी घरी बसवलंय.

"ईश्वरराव, ज्वालामुखी राहिला हो," म्हणाले.

"राहिला कायले? या गावात बस नाही का?"

शंतनू लॅपटॉप घेऊन तिथेच आला होता. "काका, इथे बसने कोणी नाही जात यार."

"बस आहे ना? मग कोणीतरी जातच असेल. रिकामी फिरवायला तिला काय वेड लागलंय?"

त्याने फोनवर शोधलं. काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची बस होती, दिवसातून मोजक्या वेळा, थेट डोंगरावर जाणारी. मी उठलो. विनयराव फाइल छातीशी धरून माझ्याआधी उठले. दारात जागृतीने मला बाजूला घेतलं.

"पप्पा, त्यांना काही बोलू नका हं. प्लीज."

"मी कुठे कोणाला बोलतो?"

पोट्टीने माझ्याकडे नुसतं बघितलं.

हिलोत पाऊस भुरभुरत होता. बसच्या अड्ड्यावर आमच्यासारखेच जहाजावरचे आठ-दहा जण आणि बाजार करून घरी चाललेली गावातली माणसं. बस आली. ड्रायव्हर म्हणजे दाराएवढा गडी. मी खिशातून पैसे काढले तर त्याने पेटीवर तळहात ठेवला. "फ्री, अंकल. कम, कम."

अंकल! अमेरिकेत पहिल्यांदा मला कोणी अनोळखी माणसाने काका म्हटलं. नंतर कळलं, तिथे सगळ्याच म्हाताऱ्यांना अंकल आणि आंटी म्हणतात. मला तो मुलूख तिथेच आवडला.

आता पुढे झालं ते असं. माझ्या खांद्यावर कायम दुपट्टा असतो. नागपूरच्या उन्हात तो डोक्याला, घामाला, हात पुसायला, सगळ्याला लागतो. आणि बसमध्ये जागा धरायला. आपल्या एसटीला माणूस चढायच्या आधी त्याचा रुमाल चढतो, हे काही मी सांगायला नको. तर मी आत शिरलो, खिडकीजवळची दोन आसनं बघितली, एकावर बसलो आणि दुसऱ्यावर दुपट्टा पसरला, विनयरावांसाठी. विनयराव दारात ड्रायव्हरला परतीच्या वेळा विचारत होते.

तेवढ्यात एक गावातली बाई आली. तिने दुपट्टा उचलला, छान घडी घातली, आणि चालत जाऊन ड्रायव्हरला दिला. कोणाचं तरी हरवलंय म्हणून. ड्रायव्हर आपला दुपट्टा हवेत हलवत ओरडून राहिला, "हूज टॉवेल? एनिबडी लॉस्ट अ टॉवेल?" आणि ती बाई परत येऊन माझ्याशेजारी बसली, भाजीच्या पिशवीसकट.

मी हात वर केला. काय करता. अख्खी बस हसली, चांगलं हसली, दुष्टपणा नव्हता त्यात. पण विनयराव लाल झाले. दुपट्टा हातात घेऊन माझ्यापर्यंत आले.

"ईश्वरराव, असं नसतं हो इथे. जो आधी येईल तो बसेल. टॉवेल काय टाकता? लोक काय म्हणतील!"

"तुमच्यासाठीच टाकला होता."

"माझ्यासाठी नको," म्हणाले, आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या पाठीमागे एकटे बसले. डोंगर येईपर्यंत मला त्यांच्या टोपीचं मागचं बटण तेवढं दिसत होतं. शेजारच्या बाईने मात्र मला पिशवीतलं एक फळ दिलं. लाल, केसाळ, आत लिचीसारखं गोड.

ज्वालामुखी म्हणजे मला वाटलं होतं टोकदार डोंगर आणि वरून भट्टी. तसं काही नाही. सपाट माथ्यावर एक अचाट मोठा खड्डा, इतका की पलीकडची माणसं दिसेनात. आत काळा दगड, घट्ट झालेल्या डांबरासारखा, आणि जागोजागी वाफा. त्या दिवशी आग नव्हती. डोंगर विश्रांती घेऊन राहिला होता. विनयरावांचा चेहरा पार उतरला.

"मागच्या महिन्यात कारंजं उडत होतं लाव्ह्याचं," ते कागद दाखवत म्हणाले.

"आपण दोघं एकत्र येतोय हे ऐकून विझला असेल."

ते हसले नाहीत. मग आम्ही वाफेच्या जागी गेलो. जमिनीला भेगा, आणि त्यातून गरम वाफ, जशी डाळीच्या कुकरमधून. कठड्याला टेकून उभं राहिलो. थंडी होती, वाफ बरी वाटत होती. विनयरावांच्या चष्म्यावर धुकं बसलं. चष्मा काढून पुसताना माणूस जरा लहान दिसतो. तसेच दिसत होते, आणि मी न विचारताच बोलले.

"माझं स्वतःचं काही नाही हो, ईश्वरराव. जागृती गुणी आहे. पण आमचे थोरले भाऊ आहेत, दोन बहिणी आहेत. भावाने मला शिकवलं. त्यांना विचारल्याशिवाय घरात पंखासुद्धा घेतला नाही मी कधी. आता हे कसं विचारू? नाही म्हणाले तर? म्हणून म्हणतो, थोडं थांबू. बघू."

झालं. जागृतीला दिलेला शब्द त्या वाफेबरोबर गेला.

"विनयराव, पंखा आणि माझी पोरगी एका वाक्यात घालू नका," मी म्हटलं. "तुमचे भाऊ हो म्हणणार, मग बहिणी म्हणणार, मग त्यांच्या सुना. माझी पोरगी म्हणजे काय पोस्टाचं पाकीट आहे? सगळ्यांनी उलटून बघायचं आणि पुढे सरकवायचं? तुम्ही नाही म्हणा. आत्ता म्हणा, इथे म्हणा. मी तिला घेऊन जातो, ती रडेल, आणि चार महिन्यांनी हसायला लागेल. पण हे बघू-बघू बंद करा."

विनयरावांनी पुसलेला चष्मा घातला, त्यावर परत धुकं बसलं. परतीच्या बसमध्ये जागा भरपूर होत्या. ते पुढे बसले, मी मागे. दुपट्टा मी मांडीवर धरून ठेवला.

जहाजावर जागृतीने माझं तोंड बघितलं आणि विचारलंसुद्धा नाही. खोलीतल्या नळाचा आवाज आला. मला स्वतःच्या जिभेला चुना लावावा वाटला.

दुसऱ्या दिवशी जहाज त्याच बेटाच्या पलीकडच्या अंगाला आलं, कोनाला. तिथे मोठा धक्का नाही. जहाज दूर पाण्यात उभं, आणि छोट्या नावांत बसून माणसं काठावर. बायकांना आता बरं होतं, पण त्यांना दोघींनाच बाजारात फिरायचं होतं. बघा, या दोघी पहिल्याच दिवशी मैत्रिणी झाल्या होत्या, पुरणात साखर की गूळ यावर भांडूनसुद्धा. पोरांनाही चार घटका एकमेकांबरोबर हव्या होत्या. मी ठरवलं, खोलीत झोपायचं.

दारावर टकटक. उघडलं तर विनयराव. फाइल, टोपी, बूट.

"गावाच्या दक्षिणेला जुन्या देवस्थानाचे अवशेष आहेत," कागदाकडे बघत म्हणाले. "हेयाऊ म्हणतात. कित्येक शतकांपूर्वीचे दगडी चौथरे, अगदी समुद्रात. बस जाते." मग थोडं थांबून, "बसचं मला काही कळत नाही. तुम्ही आलात तर."

सुजाताने मागून मला कोपराने ढोसलं. "जा. तो माणूस एकटा हरवेल, आणि मीनाक्षीताई मला विचारतील."

गेलो. बसमध्ये या वेळी आम्ही एकाच बाकावर बसलो, पण मध्ये फाइल. दोघांना मिळून एकच फोन होता, विनयरावांचा, माझा सुजाताकडे. आणि तेही खिडकीतून झाडांचे फोटो काढून त्याची बॅटरी संपवत चालले होते.

ती जागा मात्र खरोखर बघण्यासारखी. पायाखाली काळा दगड, ज्वालामुखीचाच, कधीकाळी वाहत येऊन समुद्रात थिजलेला. त्याच काळ्या दगडांनी रचलेले दोन मोठे चौथरे, माणसापेक्षा उंच, सरळ पाण्याच्या कडेला. ना चुना, ना माती. दगडावर दगड बसवलेला, बस्स. लाटा येऊन आदळतात आणि चौथरा आपला उभा. चढायला बंदी, पाटी लावलेली. खालूनच बघायचं.

विनयरावांनी एक केलं. चौथरा दिसल्याबरोबर खाली बसले, बुटाच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटात कोंबले आणि जोडी एका सपाट दगडावर नीट लावून ठेवली.

"हे काय करून राहिले?"

"देवस्थान आहे ना."

"देव कोणता, ते तरी माहीत आहे का?"

"कोणता का असेना. पायात घालून कसं जायचं?"

मी चप्पल काढली नाही. देवाचं मी मानत नाही. पण एवढाले दगड ज्या हातांनी उचलले, त्या हातांपुढे मान मीही वाकवली. कोण असतील ते लोक, कोणी त्यांना त्या चौथऱ्यावर चढू दिलं असेल की नाही, असं आपलं मनात आलं.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "आई गं!" भर दुपारचं ऊन, काळा दगड, आणि पुण्याचे नाजूक तळवे. विनयराव एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, मग परत पहिल्या. फाइल डोक्यावर धरलेली. कोणी लांबून बघितलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारा देवाला नाच दाखवतोय.

मला हसू आवरेना. "साहेब, गणपतीची मिरवणूक नाही ती!"

"हसू नका हो! चटके बसतायत!" म्हणाले, आणि स्वतःच फसकन हसले. पहिल्यांदा. आम्ही दोघंही हसत सुटलो. मी त्यांचा दंड धरला, आणि उड्या मारत मारत बुटांच्या दगडाकडे आलो.

तिथे एकच बूट.

देवळाबाहेरून बूट चोरीला जातात हे आपल्याला माहीत आहे. इथे चोर समुद्र निघाला. भरती चढत होती. दगड ओला, आणि दुसरा बूट थोड्या अंतरावर पाण्यात होडीसारखा डुलत, पलीकडच्या छोट्या वाळूच्या तुकड्याकडे चाललेला.

"राहू द्या," विनयराव म्हणाले. त्यांच्या तळव्याला फोड आला होता. "बसची वेळ झाली. ही चुकली तर शेवटची नाव चुकेल, आणि फोनही मेला माझा."

"बूट कोणी घेऊन दिले?"

"शंतनूने. इथे आल्यावर. स्वतः वाकून नाड्या बांधून दिल्या दुकानात."

"मग राहू द्या काय म्हणता? तुम्ही स्टॉपवर चला. मी आलोच."

खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यांच्या फोडाच्या पायाला गुंडाळला, घोट्यावर गाठ मारली. दुसऱ्या पायात बूट चढवला, त्यातला ओला मोजा त्यांच्या हातात दिला. ते नको नको करत होते, मी ऐकलं नाही. लंगडत लंगडत गेले रस्त्याकडे.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यातून त्या वाळूवर पोचलो. बूट वाळूला लागला होता. वाकणार, एवढ्यात ओरडा. "अंकल! नो, नो, नो!" पिवळा टीशर्ट घातलेली एक म्हातारी बाई हात हलवत धावत आली. मला वाटलं, बूट हिचा आहे की काय. तिने बोट दाखवलं. बुटाच्या बाजूला जो मोठा गोल दगड होता, त्याने डोळा उघडला.

कासव. परातीएवढं मोठं, काठावर ऊन खात झोपलेलं. आणि बूट त्याच्या नाकाला लागून. बाईने मला हाताने लांब ढकललं. या कासवांच्या जवळ जायचं नाही, तिथला कायदा आहे. मी बूट दाखवला, खाणाखुणा केल्या. तिला सगळं समजलं, वाईटही वाटलं, पण तिलाही जवळ जाता येत नव्हतं. "वेट," म्हणाली. "ही विल गो."

"व्हेन?"

तिने खांदे उडवले.

आता मी काय सांगू तुम्हाला. वर रस्त्यावर बस यायची वेळ, तिकडे समुद्रात जहाज उभं, आणि मी ओल्या पँटीत एका कासवासमोर उभा. ते डोळा उघडायचं, मला बघायचं, परत मिटायचं. कसली घाई नाही, कसली फिकीर नाही.

"उठ बाप्पा," मी म्हटलं. "तूही बघूच म्हणून राहिला काय?"

बाईने विचारलं मी काय बोललो. मी म्हटलं, "फॅमिली प्रॉब्लेम."

रस्त्यावर बसचा आवाज आला. ब्रेक लागल्याचा, दार उघडल्याचा. गेली म्हटलं. बूट गेला, बस गेली, आणि विनयराव आता त्या बसमध्ये बसून जातील, जायलाच पाहिजे, त्यांच्या जागी कोणीही जाईल. कालच्या बोलण्यानंतर माझ्यासाठी कोण थांबतं? मी वळलोच होतो. तेवढ्यात एक मोठी लाट आली, कासवाच्या पाठीवरून गेली, आणि ते महाराज उठले. एक पाय. मग दुसरा. मग जणू कोणी बोलावलंय असं सरळ पाण्यात. मी बूट उचलला आणि पळत सुटलो. मागून त्या बाईने टाळ्या वाजवल्या.

चढ चढून वर आलो. बस उभी होती. दार उघडं, आणि दारात विनयराव. बुटाचा पाय बसच्या पायरीवर, दुपट्ट्याचा पाय जमिनीवर. दोन्ही हातांनी दांडा धरलेला. आत जहाजावरची माणसं घड्याळं बघत होती, एक जण तर मोठ्याने काहीतरी बोलत होता. विनयराव त्यांच्या बँकेतल्या इंग्रजीत त्याला समजावून राहिले होते. टोपी नव्हती डोक्यावर.

मला बघताच दांडा सोडला आणि आत सरकले. ड्रायव्हर बाई होती, मजबूत, केसांचा अंबाडा घातलेली. मी बूट हातात धरून, पाणी निथळत वर चढलो. तिने मला खालून वर बघितलं.

"म्हणजे तुम्ही फादर-इन-लॉ!" तिने इंग्रजीत म्हटलं. ते सावकाश बोलतात तिथे, मला समजतं. "या अंकलनी माझी बस अडवली. म्हणतात, माझ्या मुलाचे फादर-इन-लॉ खाली आहेत, त्यांना घेतल्याशिवाय मी पाय उचलणार नाही. मी म्हटलं, फॅमिली आहे का? म्हणाले, फॅमिली आहे. मग थांबले मी."

मी विनयरावांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, कान लाल. शेजारच्या रिकाम्या आसनावर त्यांची टोपी ठेवलेली. बस भरलेली होती, एक धिप्पाड गोरा तिथेच बाजूला उभा होता, आणि टोपी आपली आसनावर.

"बसा," माझ्याकडे न बघता म्हणाले. "जागा धरलीय."

मी टोपी उचलली, बसलो. बस निघाली. मी ओल्या पँटीचं टोक पिळून घेतलं.

"विनयराव," मी म्हटलं, "बस थांबवायला बोललात ना?"

"हो," म्हणाले. "तिने विचारलं, कोण आहेत ते तुमचे? मित्र म्हटलं असतं तर गेली असती. म्हणून बोललो." हातातला मोजा पिळत राहिले. "वर्षभर वाटत होतं, हे बोलायला किती जड जाईल. निघालं ते तोंडातून, भर बसमध्ये, तीस-चाळीस लोकांसमोर. आणि ईश्वरराव, काही झालं नाही हो. त्या बाईने नुसतं ओके म्हटलं."

"आणि भाऊ?"

"फोन करतो त्यांना. सांगतो." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सांगतो म्हणालो. विचारतो नाही म्हणालो."

मी बूट त्यांच्या मांडीवर ठेवला. आतलं पाणी त्यांच्या पँटीवर सांडलं, तरी त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

धक्क्यावर चौघंही उभे होते, शेवटच्या नावेच्या रांगेत, माना उंच करून. जागृतीने आधी माझी ओली पँट बघितली, मग विनयरावांचा पाय. माझा दुपट्टा तिने लहानपणापासून बघितलेला. तो त्यांच्या पायाला बघून पोट्टी जागेवरच थांबली.

"काका, काय झालं? पप्पा काही बोलले का तुम्हाला?"

"काल बोलले. बरोबर बोलले," विनयराव म्हणाले. एका पायात बूट, एका पायात दुपट्टा, हातात टपकणारा बूट, तरी ताठ उभे राहिले. "जागृती, मला उशीर झाला. चूक झाली. तू आमच्या घरी ये. मी स्वतः म्हणतोय."

ती त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. "पप्पांनी जबरदस्ती नाही ना केली?"

"नाही. केली असेल तर एका कासवाने."

शंतनूला काही समजेना. "कोणतं कासव?" करत राहिला. मीनाक्षीताई पदराने डोळे पुसत हसत होत्या. जागृती रडली, पण या वेळी सगळ्यांसमोर, नळ न सोडता.

मग विनयराव माझ्याकडे वळले. रीतीने मुलीच्या बापाने विचारायचं असतं, मुलाच्या बापाने ऐकायचं. त्यांनी उलटं केलं. दोन्ही हात जोडले, बुटासकट.

"ईश्वरराव, माझ्या मुलासाठी तुमची मुलगी मागतो. काय म्हणता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नाववाला हाका मारून राहिला होता. असा मौका माणसाला जन्मात एकदा मिळतो.

"बघू," मी म्हटलं.

विनयरावांचं तोंड उघडंच राहिलं. मग सुजाताचं कोपर माझ्या बरगडीत असं बसलं, की ती आजही पावसाळ्यात दुखते.